दुखलं तर सांगा

आमच्या भागातल्या मुसलमान बायकांची एक पिढी कानांवरून ओळखता यायची. पाळीला एक मोठं भोक आणि तिथून वर, कानाच्या कडेनं ओळीनं चार, पाच, कुणाकुणाला सातसुद्धा. वरच्या भोकांत बारीक बाळ्या, खाली लग्नात मिळालेली कर्णफुलं आणि त्यांना लोंबणारे झुमके. घरची सुबत्ता कानावर दिसायची आणि पडता काळही कानावरच दिसायचा. एकेक बाळी सोनाराकडं जायची आणि तिच्या जागी कडुलिंबाची काडी यायची. सोनं गेलं तरी भोक बुजू द्यायचं नाही. दिवस पालटतील, पुन्हा काहीतरी घालायला मिळेल, ही आशा त्या काडीच्या रूपानं बायका कानात घालून फिरायच्या.

कान टोचायचा सोनारच. पोरगी चार-पाच वर्षांची झाली की तिला ओट्यावर बसवायचं, एका बाईनं डोकं धरायचं, दुसरीनं हात. गुळाचा खडा तोंडात द्यायचा आणि तार आरपार. पोरगी किंचाळली की सगळ्या हसायच्या. नंतर आठ-पंधरा दिवस खोबरेल तेलात हळद. कान पिकला तरी कुणाला विशेष वाटायचं नाही. 'औरत जात को इतना तो सहना पडता,' हे वाक्य मुलीच्या कानात सोन्याच्या तारेबरोबरच जायचं.

माझ्या अम्माचे कान असेच टोचलेले. १९६२ साली, सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नानांनी दोन तोळ्यांची कर्णफुलं-झुमक्यांची जोडी घातली होती. एका कानाला एक तोळा वजन. ते पेलायला कानामागून केसांत अडकवायची साखळीही होती. पण चुलीपुढं, गोठ्यात, दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाताना साखळी कोण लावतं? भोकं ओघळत गेली. माझा धाकटा भाऊ वर्षाचा असताना त्यानं कडेवरून उजव्या झुमक्याला लोंबकळी मारली आणि पाळी खालपर्यंत फाटली. अम्मानं रक्त पदरानं दाबलं, चुलीतली राख लावली आणि भाकऱ्या पुऱ्या केल्या. १९७२ च्या दुष्काळात ती जोडी मोडली. डावा कान पुढं खोट्या दागिन्यांनी हळूहळू कापत आणला. माझ्या लग्नापर्यंत दोन्ही पाळ्या दुभंगल्या होत्या. सापाच्या जिभेसारखी दोन टोकं लोंबायची.

तेव्हापासून अम्माचा पदर गालापर्यंत आला. लग्नाच्या फोटोंत, ईदला, मुलींच्या सासरी, सगळीकडं. मोहल्ल्यातल्या बायका तिचं उदाहरण द्यायच्या, "देखो, कित्ती परदे की पाबंद है." अम्मा काही बोलायची नाही. त्या पदराखाली दोन फाटक्या पाळ्या आहेत हे घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मध्ये एकदा ती शेजारणीबरोबर एका सराफाच्या दुकानात गेली होती. 'टाके नाहीत, ऑपरेशन नाही, कान जोडून मिळेल' अशी पाटी तिथं होती. दुकानातल्या माणसानं काडीला कापूस गुंडाळून बाटलीतलं कसलंसं पाणी फाटलेल्या कडांना लावलं आणि वरून चिकटपट्टी मारली. ते तीव्र आम्ल होतं. कडांची कातडी जाळायची म्हणजे ओल्या जखमा एकमेकींना चिकटतात, अशी ती युक्ती. त्वचेचे डॉक्टरही असलं आम्ल वापरतात. पण ते मोजून, आणि पाळी अर्धवट ओघळलेली असते तेव्हा. खालपर्यंत फाटलेल्या पाळीला त्याचा उपयोग नाही. अम्माचा कान काळा पडला, रात्रभर जळत राहिला. आम्ही विचारलं तर म्हणाली, "कुछ नै, जरा चुरचुरता." दोन महिन्यांत पाळी पुन्हा उघडली, आधीपेक्षा वेडीवाकडी.

२०१६ च्या हिवाळ्यात, मी माहेरी गेले असताना, दुपारी सगळे झोपल्यावर अम्मानं ट्रंकेतून एक चिंधी काढली. तिच्यात नानीच्या दोन बाळ्या होत्या. दोन्ही मिळून दोन-अडीच ग्रॅम. दुष्काळात सगळं मोडलं तरी ह्या तिनं मोडल्या नव्हत्या. म्हणाली, "मेरे कानां अच्छे हो सकते क्या गे?"

तेव्हा तिचं वय एकाहत्तर.

घरात ही गोष्ट काढली आणि वादाला तोंड फुटलं. भावाला खर्चाचं काही नव्हतं, पण लोक काय म्हणतील याचं होतं. फुफी तर थेटच बोलली, "अब कान जोडके क्या करती भाभी? कबर में सोना लेके जाती क्या?" अम्मानं भाजी निवडता निवडता उत्तर दिलं, "कबर के वास्ते नै. जीने के वास्ते करती मैं." भावानं मग आमच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं. अल्लाहनं दिलेल्या शरीरात फेरफार करणं बरोबर का, अशी त्याची शंका. इमामसाहेब वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी अरफजा नावाच्या सहाबींची हकिगत सांगितली. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवून घेतलं, पण त्याला दुर्गंधी सुटली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषाला सोनं वर्ज्य असताना! "हे मिरवण्यासाठी नव्हतं, बेटा, तकलीफ दूर करण्यासाठी होतं," इमामसाहेब म्हणाले. "फाटलेलं शिवणं म्हणजे फेरफार नव्हे."

माझ्या मनात मात्र वेगळीच भीती होती. अम्माला दुखेल याची. तिनं आयुष्यभर जे जे शिवून घेतलं ते भूल न देताच. माझ्या पाठच्या भावाच्या वेळी तिला टाके पडले, तेही तसेच; ओरडली तर वर बोलणी खाल्ली. माझ्या लहानपणी माझ्या पायावर खुरपं बसलं तेव्हा दवाखान्यात दोन माणसांनी मला दाबून धरलं आणि तिसऱ्यानं सुई घातली. तिथं भुलीचं औषध नव्हतं की दोन टाक्यांसाठी ते कशाला वाया घालवायचं असा विचार होता, कोण जाणे. ते टाके मला आजही आठवतात; जखम आठवत नाही.

वास्तविक ह्या औषधाचा शोध काही कालपरवाचा नाही. आपल्याकडं लवंग दाढेत धरायची, अक्कलकाऱ्याचं फूल चावलं की जीभ बधिर होते, हे खेड्यातल्या पोरांनाही ठाऊक. फाटक्या कानांची शिवणही जुनीच. सुश्रुतसंहितेत कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत. शस्त्रक्रियेआधी रोग्याला मद्य द्यावं, म्हणजे त्याला वेदना जाणवणार नाही, असंही म्हटलं आहे. अंदलूसमधल्या अल्-जहरावींनी इसवी सन १००० च्या सुमारास 'किताब अल्-तसरीफ' हा तीस खंडांचा ग्रंथ लिहिला. शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रं त्यात आहेत, आणि सौंदर्यप्रसाधनांनाही त्यात जागा आहे. वैद्यकाला माणसाच्या रूपाचं वावडं कधीच नव्हतं. पुण्याजवळची गोष्ट तर जगप्रसिद्ध आहे. म्हैसूरच्या लढाईत कैद होऊन नाक गमावलेला कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान होता. विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका मासिकानं त्याची हकिगत चित्रासह छापली आणि युरोपातले डॉक्टर चकित झाले. ती हकिगत वाचताना प्रत्येक जण त्या कारागिराच्या हाताचं कौतुक करतो. मला मात्र कावसजीच आठवतो. कपाळाची कातडी सोलली जात असताना तो शुद्धीवर होता. शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल देऊन जगाला जाहीरपणे दाखवलं गेलं ते १८४६ साली, बोस्टनमध्ये. म्हणजे अजून पन्नास वर्षं बाकी होती.

माणूस जागा ठेवून फक्त एक जागा बधिर करायची, हे त्याही नंतरचं. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरानं १८८४ साली कोकेनचे थेंब आधी बेडकाच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातले. बुबुळाला टाचणीचं डोकं लावून बघितलं, काहीच जाणवलं नाही. कोकेनचं व्यसन लागतं, ते विषारीही आहे, म्हणून दुसऱ्या औषधाचा शोध सुरू झाला. १९०५ मध्ये नोव्होकेन आलं. पुढं स्वीडनमध्ये एका रसायनतज्ज्ञानं प्रयोगशाळेतला एक पदार्थ चाखून बघितला आणि त्याची जीभ बधिर झाली. आपल्या अक्कलकाऱ्यासारखीच. त्या धाग्यावरून पुढं जात नील्स लोफग्रेन यांनी १९४३ साली लिग्नोकेन तयार केलं. त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःच्या अंगात टोचून घेऊन पाहिलं. १९४८ साली ते बाजारात आलं. आज दाढ काढताना, चामखीळ जाळताना, कोडाच्या डागावर कातडी बसवताना, फाटकी पाळी शिवताना वापरतात ते बहुधा हेच.

म्हणजे माझ्या अम्माच्या लग्नाआधी चौदा वर्षं हे औषध बाजारात आलं होतं. ते तिच्या कानापर्यंत यायला आणखी चोपन्न वर्षं लागली.

सांगलीतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमकडं आम्ही गेलो. तिशी-पस्तिशीची मुलगी. तिनं अम्माचा पदर स्वतः बाजूला केला नाही. "आजी, कान बघू का?" असं विचारलं आणि अम्मानं पदर सारेपर्यंत थांबली. मग प्रश्न सुरू झाले. बीपीची गोळी कुठली? साखर आहे का? रक्त पातळ करायची गोळी? आधी कधी इंजेक्शननं त्रास झाला होता का? वजन किती? वजन कशाला, असं अम्मानं विचारलं. त्यावर तिनं समजावून सांगितलं की हे औषध वजनावर मोजतात. त्यात ॲड्रेनलीन मिसळलेलं असेल तर एका किलोमागं सात मिलीग्रॅमच्या वर जायचं नाही. नसेल तर साधारण साडेचारच. अम्मा अठ्ठेचाळीस किलोची, म्हणजे तिची मर्यादा तीनशे छत्तीस मिलीग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलीलीटरला वीस मिलीग्रॅम येतं. दोन्ही कानांना मिळून तीन-साडेतीन मिलीलीटर पुरतं, म्हणजे सत्तरच मिलीग्रॅम. "भरपूर जागा शिल्लक आहे आजी, काळजी नको." अम्माला आकडे कळले नसतील, पण आपलं कुणीतरी मोजूनमापून करतंय हे कळलं. ती जरा सैल बसली.

टेबलावर झोपवल्यावर मॅडम म्हणाली, "टोचताना थोडं चुरचुरेल. औषध किंचित आंबट जातीचं असतं, म्हणून. मी त्यात सोडा घातलाय, त्यानं चुरचुर कमी होते."

"सोडा? भज्यात घालतात तो?" अम्मानं विचारलं.

"त्याच जातीचा, पण इंजेक्शनसाठी शुद्ध केलेला. दहा भागांना एक भाग. तुमच्या भज्यांसारखाच बेतानं घालायचा." मग तिनं पुढचं वाक्य म्हटलं, "आणि दुखलं तर सांगा."

केसासारखी बारीक सुई होती. ती तिनं अगदी सावकाश आत ढकलली. दुसऱ्या हातानं कानाशेजारची कातडी हलकी चिमटीत धरून हलवत राहिली. हलवण्यामुळं टोचण्याकडचं लक्ष जातं, असं नंतर कळलं. पाळी थोडी फुगली आणि बघता बघता पांढरी पडली. ॲड्रेनलीननं रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी येतं आणि औषधही जागेवर जास्त वेळ टिकतं.

काही मिनिटं थांबून तिनं चिमट्याच्या टोकानं पाळीला दाबलं. "दुखतंय का आजी?"

"नाही बाई. काय दुखत नाही."

मॅडमनं पुन्हा दाबलं, जरा मागच्या बाजूला. "आता?"

"नाही, नाही. करा तुम्ही."

मी अम्माच्या पायाशी उभी होते. तिच्या पायांची बोटं आत वळली होती. मॅडमचंही लक्ष तिकडंच होतं. तिनं चिमटा खाली ठेवला. "आजी, तोंड नाही म्हणतंय, पण पायाची बोटं हो म्हणताहेत."

अम्मा ओशाळली. "एवढं चालतं."

"मला चालत नाही," ती पोरगी म्हणाली. "हे बघा, अर्धा एमएल आणखी द्यायचा तर तो माझ्या हातात आहे. पण द्यायचा का नाही हे मला तुम्हीच सांगणार. तुम्ही सोसलंत तर मला कळणारच नाही. सोसून माझं काम सोपं होत नाही, अवघड होतं."

तिनं कानाच्या मागच्या बाजूनं आणखी थोडं औषध दिलं आणि पाच मिनिटं खरोखरच घड्याळ बघत थांबली. मग पुन्हा चिमटा लावला. या वेळी अम्मा लगेच बोलली नाही. विचार करून म्हणाली, "दुखत नाही. पण धरल्यासारखं कळतंय."

"बरोबर. ते कळणारच. ओढल्याचं, दाबल्याचं कळेल; टोचल्याचं कळणार नाही."

वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा बारीक असतात. हे औषध नसांमधली सोडियमची दारं बंद करतं, निरोप पुढं जातच नाही. बारीक नसा आधी गप्प होतात. दाब, ओढ कळवणाऱ्या जाड नसा उशिरा, कधी पूर्ण गप्प होतही नाहीत. म्हणून नुसतं 'काही कळतंय का' असं विचारून चालत नाही, 'दुखतंय का' असंच विचारावं लागतं. आणि ज्याला विचारलं त्यानं त्या दोहोंतला फरक करून खरं सांगावं लागतं. आयुष्यात पहिल्यांदाच अम्माकडं कुणी ते मागितलं होतं. तिच्या दुखण्याचा नेमका, खरा जबाब.

पुढचं काम तासाभराचं. फाटलेल्या पाळीच्या दोन्ही कडांवर वर्षानुवर्षांची कातडी चढलेली असते. नुसते टाके घालून त्या जुळत नाहीत. कडा बारीक कापून ताज्या करायच्या, समोरासमोर आणायच्या आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं शिवायच्या. सुश्रुताचं तत्त्वही हेच होतं. अम्मा मॅडमशी गप्पा मारत होती. नानीचं नाव, दुष्काळ, दोन तोळ्यांचे झुमके, सगळं सांगून झालं. डावा कान सुरू असताना एकदा ती एकदम म्हणाली, "बाई, थांब. इथं दुखलं." मॅडम थांबली, औषधाचा एक थेंब दिला, पुन्हा सुरू केलं. मला मात्र भरून आलं. एकावन्न वर्षांच्या माझ्या आयुष्यात मी अम्माच्या तोंडून 'दुखलं' हा शब्द ऐकला नव्हता.

आठ दिवसांनी टाके निघाले. तीन महिन्यांनी, शिवणीची रेघ सोडून शेजारी, नवी भोकं पाडली. तेव्हाही आधी औषध. पाळीवर एक पुसटशी रेघ राहिली आहे, जवळून बघितल्याशिवाय दिसत नाही. नानीच्या बाळ्या कानात आहेत आणि पदर कानामागं असतो. मोहल्ल्यातल्या काही बायकांना ते खटकलं. एकीनं मला विचारलंच, "तुमच्या अम्मानं परदा कमी केला का?" मी म्हटलं, "परदा तेवढाच आहे. पदराला आता कान झाकायचं काम उरलेलं नाही."

ह्या सगळ्यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडं बाईच्या सोसण्याचे गोडवे फार गायले जातात. आई म्हणजे सोसणारी, घर म्हणजे तिच्या सोसण्यावर उभं. मुसलमान घरात त्याला 'सब्र' म्हणतात. सब्र ही मोठी गोष्ट आहे; तिची थोरवी मी नाकारत नाही. पण जिथं इलाज नाही तिथं सब्र. जिथं हाताशी इलाज आहे, बाटलीत औषध आहे आणि समोर विचारणारा आहे, तिथंही तोंड मिटून बसणं ही सवय आहे. ती बाईला लावली जाते. पाचव्या वर्षी ओट्यावर डोकं धरून लावली जाते. आणि तिचा फायदा नेहमी दुसऱ्याचाच होतो. टाके घालणाऱ्याचं औषध वाचतं, घरच्यांची झोपमोड वाचते.

'एवढ्याशा सौंदर्यासाठी भूल कशाला' असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्या बोलण्यात असं दडलेलं असतं की रूपासाठी आलीस ना, मग भोग. जणू वेदना ही नटण्याची सजा आहे. आजारावरच्या इलाजात दुखू नये आणि रूपावरच्या इलाजात दुखावं, असा काही न्याय शरीर मानत नाही. नस तीच, सुई तीच.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर हे लिखाण अर्धवट राहील. माझी एक भाची पुण्यात नोकरी करते. तिला पीसीओडीचा त्रास, हनुवटीवर केस. दर आठवड्याला दोऱ्यानं काढायची. २०१९ मध्ये तिनं लेझर करायचं ठरवलं. एका पार्लरमध्ये चेहऱ्याबरोबर दोन्ही पायांचं 'वेदनारहित' लेझर स्वस्तात मिळत होतं. तिथून तिला एक बिननावाची डबी मिळाली. सूचना अशी, की येण्याआधी घरीच दोन्ही पायांना हे क्रीम भरपूर लावायचं आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळून यायचं. अम्माच्या वजनाचा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसलेला. मी तिला विचारलं, "यात किती टक्के औषध आहे? तुझं वजन विचारलं का कुणी?" कुणी विचारलं नव्हतं.

क्रीम हे वरून लावायचं असलं तरी ते औषधच. कातडीतून ते रक्तात उतरतं. जागा जितकी मोठी, औषध जितकं तीव्र आणि वरून जितकं घट्ट झाकलं, तितकं जास्त. ओठ-जीभ बधिर होणं, तोंडाला धातूची चव येणं, कानांत घुंई असं सुरू होऊन झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकतं. अमेरिकेत बावीस आणि पंचवीस वर्षांच्या दोन मुलींनी लेझरआधी असंच पायांना क्रीम लावून प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. दोघींना झटके आले, त्या बेशुद्ध झाल्या आणि दगावल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं त्यावर जाहीर इशारा दिला. भाचीनं ती डबी फेकली आणि त्वचारोगतज्ज्ञाकडं गेली. तिथं फक्त वरच्या ओठाला थोडं क्रीम लावलं, वेळ लावून पुसलं आणि बाकी ठिकाणी गार हवेचा झोत दिला. "रबर तडकल्यासारखं वाटतं, मावशी," तिनं फोनवर सांगितलं. "आणि डॉक्टर म्हणाले, एखाद्या ठिकाणी जास्त भाजल्यासारखं वाटलं तर लगेच सांग. आपल्या सावळ्या कातडीला लेझरची ताकद जास्त झाली तर चट्टा उठतो."

म्हणजे दुखणं हा पहारेकरीही आहे. त्याला काही वेळ झोपवायचं तर कुणीतरी जागं राहायला हवं. मोजणारं, विचारणारं, घड्याळ बघणारं. सराफाच्या दुकानातल्या बाटलीत आणि पार्लरच्या डबीत तेच नव्हतं. एकानं अम्माला सोसायला लावलं, दुसऱ्यानं भाचीला 'काहीच कळणार नाही' असं सांगितलं. दोघांनीही माणसाला विचारलं नाही.

अम्मा आता ऐंशीच्या घरात आहे. दोन वर्षांपूर्वी तिची दाढ काढायला भाऊ घेऊन गेला होता. दाताच्या डॉक्टरला घाई होती, बाहेर रांग. इंजेक्शन देऊन त्यानं लगेच पक्कड उचलली. अम्मानं त्याचा हात धरला आणि शांतपणे म्हणाली, "थांब रे बाबा. अजून बधिर झालं नाही. पाच मिनिटं बघ आणि मग विचार मला."

भावानं हे घरी येऊन हसत हसत सांगितलं. फुफी तिथंच बसली होती. तिचीही एक पाळी ओघळलेली आहे. ती हसली नाही. थोड्या वेळानं माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "वो सांगली की डाक्टरनी अब भी बैठती क्या?"